दादाचे दोन दात आणि गणपतीची सुट्टी

मंडळी, आज माझ्या भावाच्या दातांनी माझं डोकं खाल्लंय.

दादा लंडनला असतो. चार वर्षांत घरी फिरकला नाही. आता दोन दात पडलेत, तिथे बसवणं परवडत नाही, म्हणून साहेबांनी ठरवलं की गणपतीत आठ दिवस लालबागला यायचं आणि दात बसवून परत जायचं. मला न विचारता तिकीट काढून मोकळा!

सकाळी मी परळच्या डेंटिस्टकडे गेले. ते हसायलाच लागले. "अहो ताई, गणपतीत मी गावाला असतो. आणि हे एका खेपेत होत नाही. आधी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा, हाड तो घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात."

मघाशी हे फोनवर सांगितलं, तर दादा माझ्यावरच भडकला. "दोनदा कसा येऊ? सुट्टी कोण देणार? तू नीट विचारलंस तरी का?"

आता मी काय त्याच्या हाडाला सांगू, जरा लवकर धर म्हणून?

आई शेजारीच लसूण सोलत होती. मी फोन ठेवल्यावर हळूच म्हणाली, "डॉक्टरांना विचार गो, तीन खेपा नाही का होणार?"

आता बोला!