बाळासाहेबांचं भाषांतर

बाळासाहेब मोहित्यांना धक्का बसणं ही तशी अवघड गोष्ट होती. इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर ज्यानं उभी हयात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, त्या माणसाचं जगात पाहायचं काय शिल्लक राहणार? फलाटावरची बाळंतपणं, पळून आलेली जोडपी, कंडक्टरांच्या हाणामाऱ्या, सगळं त्यांनी माइकसमोर बसून पाहिलं होतं आणि त्यातलं निम्मं माइकवरून गावाला सांगितलंही होतं. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, आवाज मात्र राहिला. बायको, सुमती, गेल्यावर मुलानं त्यांना न्यूझीलंडला आणलं, तेव्हा तो आवाजही सोबत आला. विमान कंपनीनं त्याचं जादा वजन लावलं नाही, एवढंच नशीब.

मुलगा सुमेध पापाटोएटोला राहायचा आणि रोज ट्रेननं ऑकलंड शहरात कॉम्प्युटरच्या कामाला जायचा. सून राजश्री इंजिनिअर, पाण्याच्या पाइपलाइनींचं बघायची. दोघं संध्याकाळशिवाय उगवत नसत. त्यामुळे शाळा सुटल्यापासून घरात दोनच माणसं, बाळासाहेब आणि त्यांची अकरा वर्षांची नात श्रिया. तिला शाळेतून आणायचं, खाऊ घालायचं आणि मग जेवणाच्या टेबलाशी बसून चंद्रहासला फोन लावायचा, हा त्यांचा नेम. चंद्रहास म्हणजे एसटीतला जुना सहकारी. इकडे दुपार कलायची तेव्हा तिकडे त्याचा सकाळचा दुसरा चहा असायचा. टॅबलेट फळांच्या भांड्याला टेकवून, आवाज पूर्ण मोठा करून बाळासाहेब बोलायला बसत. सुमेधचा पगार, सुनेच्या हातची भाजी, शेजारच्या पंजाब्याची नवी गाडी, कशाचीही त्यांना भीड नव्हती. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला श्रिया गृहपाठ करत असे.

श्रिया इथंच जन्मलेली. आबांनी मराठीत विचारायचं, "काय गं, आज काय शिकवलं?" आणि तिनं म्हणायचं, "हीप्स, आबा." "थालीपीठ वाढू का?" तर "स्वीट अ‍ॅज." पहिलं म्हणजे पुष्कळ, दुसरं म्हणजे झकास, इथल्या पोरांची बोली. हो-नाहीपुरतं तिला कळतं, बाकी आपलं बोलणं तिच्या डोक्यावरून जातं, अशी बाळासाहेबांनी स्वतःची खात्री करून घेतली होती. ती खात्री कधी तपासून पाहावी असं त्यांना वाटलं नाही. बोलणाऱ्या माणसाला ऐकणाऱ्यांची चौकशी करायची सवय नसते.

मग पोरीनं खाणं टाकलं. आधी डबा भरलेला परत येऊ लागला, मग रात्रीचं जेवण ताटातल्या ताटात फिरू लागलं. जी पोर थालीपिठावर लोण्याचा गोळा मागून घ्यायची, ती दोन घास चिवडून "आय'म फुल" म्हणून उठायची. शाळेत नेटबॉल खेळताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं ठीक निघालं. बाळासाहेबांनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या तव्यावर टाकल्या आणि छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलायला लागला, की रस्त्यापलीकडची बाई रबरी चपलांवरच धावत आली. श्रियाच्या वजनात त्यानं काही फरक पडला नाही.

शेवटी शाळेतल्या बाईंनी एका संस्थेचं नाव सुचवलं. मुलांच्या मनाचं दुखणं बघणारी संस्था, लोकांच्या देणग्यांवर चालणारी. सरकारी रांगेत महिने गेले असते, इथं लगेच वेळ मिळाली. 'लेमन ट्री हाउस' असं तिचं नाव, आणि खरोखर ते एक जुनं लाकडी घर होतं, मागं लिंबाचं झाड असलेलं. ना पांढरे कोट, ना काउंटर. आत शिरलं की थेट स्वयंपाकघर, आणि तिथं कुणीतरी येणाऱ्याला टोस्ट भाजून देई. बाळासाहेबांना हे काही पसंत पडलं नाही. पोर जेवत नाही, तर हे लोक ब्रेड खायला घालतायत, यासाठी का शिक्षण घेतलं यांनी, असं ते गाडीत म्हणाले.

श्रियाशी बोलणारी बाई सामोआ बेटांवरची होती. मालिया तिचं नाव, पन्नाशीची, अंगानं भरलेली, हळू बोलणारी. श्रिया तिच्याकडे काही वेळा एकटी जाऊन आली. त्या घराची एक रीत होती. मूल तयार झालं की घरातलं एक माणूस ते स्वतः निवडतं आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन जातं. बाकीच्यांनी स्वयंपाकघरात थांबायचं.

श्रियानं आबांना निवडलं.

राजश्रीचा चेहरा उतरला. पोटची पोर, आणि आई बाहेर. बाळासाहेबांनी सुनेची समजूत घातली, पण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. आदल्या दिवशी चंद्रहासला सांगून झालं होतं, की बघ, आईबाप राहिले बाजूला, शेवटी माणूस लागतं ते आपल्यासारखं. निघताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

खोलीत दोन बुटके सोफे आणि एक गालिचा होता. मालियानं "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांना बसवलं आणि सोप्या इंग्रजीत सांगितलं, की इथं आधी मूल बोलतं. त्याला हव्या त्या भाषेत बोलतं. मोठ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. बाळासाहेबांनी मोठ्या मनानं मान डोलावली.

श्रिया स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. मग ती मराठीत बोलायला लागली.

"अरे चंद्रहास, ही एकटी नव्हती रे. जुळी होती. पोरगा पोटातच गेला, पोरगी राहिली. आता ही खाती कशी बघतोयस ना? मला तर वाटतं आतसुद्धा हिनंच सगळं ओरपलं असणार. त्या बिचाऱ्याला काय राहिलंच नसंल."

आणि ती हसली. ते तिचं हसणं नव्हतं. आधी तीन झटके आणि शेवटी बारीक खोकला, असं बाळासाहेब हसतात.

बाळासाहेबांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? हिला मराठी येतं. आपल्यासारखं येतं, इस्लामपूरच्या हेलासकट. माणसाचं मन इतकं मूर्ख असतं, की कडा कोसळत असताना ते आधी दगड मोजायला लागतं. मग दुसरा विचार आला. ते वाक्य आपलंच, शब्द न् शब्द आपला, हे त्यांना कळलं. फक्त आपण ते कधी बोललो, ते काही केल्या आठवेना. इतकं सहज बोलून गेले होते.

मालियाला मराठीचा एक शब्दही कळत नव्हता. पण ते हसणं तिला कळलं असावं. तिनं श्रियाला विचारलं, "हे मला इंग्रजीत सांगायचंय तुला?"

"नो," श्रिया म्हणाली. "आबा कॅन."

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. "शी इज सेइंग... देअर वॉज वन बेबी बॉय. हर ब्रदर. व्हेरी सॅड."

"दॅट्स नॉट ऑल," श्रिया म्हणाली.

"आय वॉज टेलिंग माय फ्रेंड, शी इज ईटिंग वेल. जोक ओन्ली."

"आबा, सगळं सांग."

मराठीत त्या वाक्याला गमतीचं अस्तर होतं. 'ओरपलं', 'बिचारा', 'रे', असं काय काय लावून ते मऊ केलेलं होतं. इंग्रजीत अस्तर लावायला बाळासाहेबांपाशी कापडच नव्हतं. मोजके उघडे शब्द होते, ते त्यांना एकेक करून बाहेर काढावे लागले. "आय सेड, शी एट हिज फूड. इनसाइड द मदर. सो ही डाइड." मग ते थांबले. पोर अजून बघत होती. "अँड आय लाफ्ड."

ऐकलं मात्र, आणि त्यांनाच ते खरं वाटेना. हे आपण बोललो? या पोरीबद्दल, या पोरीसमोर, फळांच्या भांड्याला टॅबलेट टेकवून? मालियाचा हात छातीवर गेला आणि तसाच राहिला. तिनंही असलं काही अपेक्षिलं नव्हतं, हे दिसत होतं. मग तिनं श्रियाला विचारलं, की हे ऐकलं तेव्हापासूनच खाणं सुटलं का?

श्रियानं हो म्हणून मान हलवली. "त्या दिवशी मी थालीपीठ खात होते," ती मराठीतच म्हणाली. "नंतर जेवायला बसलं की वाटतं, हे त्याचं आहे. आबा, खरं आहे का ते?"

"नाही गं बाळा."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. बाळंतपणाच्या वेळी सुमेधचा इस्लामपूरला फोन आला होता, एक बाळ गेलं, एक सुखरूप आहे, एवढाच. डॉक्टर काय म्हणाले, कशानं झालं, हे बाळासाहेबांनी विचारलंच नव्हतं. बाकीचं सगळं त्यांनी बोलता बोलता तयार केलं होतं, एक बोलणं लांबवायला. "कुणी नाही सांगितलं," ते म्हणाले. "मी आपला बोललो. माझ्या मनानं."

"मग हसलास का?"

स्टँडवर त्यांना कुणी कसलाही सवाल करो, बाळासाहेबांचं उत्तर तयार असे. "माहीत नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

मालिया हळूहळू, श्रियाच्या डोळ्यांत बघत बोलली. पोटातलं एक बाळ दुसऱ्याचं खाऊन त्याला मारत नसतं. ते घडलं त्यात तुझा काही दोष नाही, आईचा नाही, कुणाचाच नाही. हवं तर डॉक्टरांना बोलावू, त्यांच्या तोंडून ऐक. श्रियानं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून समजेना. आता बोलायची परवानगी असावी असं समजून बाळासाहेब म्हणाले, "म्हणून मला आत आणलंस होय? मला वाटलं..."

"नाही," श्रिया म्हणाली. "घरात त्याच्याबद्दल फक्त तूच बोलतोस. मम्माला विचारलं तर ती रडेल." मग तिनं विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

इतकी वर्षं नातू गेला, नातू गेला म्हणून त्यांनी उसासे टाकले होते. लग्नाकार्यात भेटेल त्याला सांगितलं होतं, लोकांकडून हळहळ गोळा केली होती. त्या पोराला नाव असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

श्रियाच्याच म्हणण्यावरून सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. कुणीतरी टोस्ट आणून ठेवला. मालियानं विचारलं, की आत काय झालं ते कोण सांगणार, आणि श्रियानं पुन्हा आबांकडे बोट केलं. बाळासाहेबांनी मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. आवाज इतका खाली गेला होता, की सुमेधला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"बाबा, तुम्ही तिच्यासमोर हे..." सुमेधच्या तोंडून एवढंच निघालं. तो पांढराफटक पडला होता. मोठी झाली की सांगू, असं म्हणत नवराबायकोनं जे अकरा वर्षं जिवापाड झाकलं होतं, ते कधीच पोरीच्या ताटात वाढलं गेलं होतं. राजश्रीनं सासऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठून श्रियाच्या खुर्चीशी खाली बसली.

"तुला त्याचं नाव हवंय?"

"यस, मम्मा."

"शार्दूल. तुम्ही दोघं पोटात होतात तेव्हाच ठरवलं होतं आम्ही. तू श्रिया, तो शार्दूल. इथून जवळच्याच दफनभूमीत आहे तो. आम्ही जातो कधीकधी, तुला न सांगता." ती रडत होती, पण बोलायची थांबली नाही.

"मला कधी सांगितलं नाहीत," बाळासाहेब म्हणाले. तक्रार करायची ही वेळ नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. तरी ते तोंडातून गेलं.

राजश्रीनं आता त्यांच्याकडे पाहिलं. "आईंना सांगितलं होतं, बाबा. त्या म्हणाल्या, यांना नका सांगू, गावभर होईल."

सुमतीला माहीत होतं. हा घाव त्यांच्या वर्मी बसला. एका ताटात जेवणारी, एका छताखाली निजणारी बायको ते नाव मनात घेऊन जगली आणि तसंच घेऊन गेली. ते ओसरीवर बसून पाव्हण्यारावळ्यांना नातवाचं रडगाणं ऐकवायचे, तेव्हा ती उठून आत जायची. तिला काम असतं, असं त्यांना वाटायचं. बाळासाहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली. राग यावा असं कुणी समोर नव्हतं. सुमतीनं केलं ते बरोबरच केलं होतं.

श्रिया त्यांना न्याहाळत होती. "आबा, तू कधी विचारलंच नाहीस?"

"नाही."

"मग आता लक्षात ठेव."

त्यांनी मान हलवली. ते नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघावं असं त्यांना वाटलं, पण ते त्यांनी मनातच म्हटलं. टोस्ट एव्हाना गार झाला होता. श्रियानं तो ओढून घेतला आणि खाली मान घालून खायला लागली. मालियानं सगळ्यांना नजरेनंच दटावलं, की तिच्याकडे बघू नका. सुमेध खिडकीकडे बघू लागला, राजश्री जमिनीकडे. अर्धा टोस्ट खाऊन श्रियानं उरलेला ताटलीत ठेवला, आणि तो संपव असं कुणी तिला म्हटलं नाही.