सोड्यात उकळलेले चेंडू

नागपुरातल्या एका गोल्फच्या मैदानावर मी बावीस वर्षं गवत काढलं. नाल्यात, झुडपात हरवलेले चेंडू वेचायचे, धुवायचे आणि टोपलीत ठेवायचे, हे कामही माझंच होतं. ज्याला हवे त्याने त्यातले घ्यावेत. माझं शिक्षण चौथी. चेंडूवरची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत. मी दगडावर टाकून ओळखायची. टणक चेंडू टक् करून उसळतो, नरम चेंडूचा आवाज दबका येतो.

प्रताप नगरातल्या एक बाई साठीनंतर खेळायला लागल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. हात सावकाश फिरायचा. नवरा जुना खेळणारा. तो स्वतःचे टणक, महागडे चेंडू त्यांना द्यायचा आणि बाईंच्या मनगटाला झिणझिण्या यायच्या. मग त्या माझ्या टोपलीतले पांढरेशुभ्र निवडून घ्यायला लागल्या.

ते पांढरे करायची अक्कल माझी. त्या उन्हाळ्यात नाल्याच्या चिखलाचे पिवळे डाग निघेनात, म्हणून घरी पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून मी चेंडू उकळले, धोतर उकळतात तसे. मला वाटलं, मोठं काम केलं.

मैदानाच्या मध्ये नाला आडवा येतो. बाईंचा चेंडू दर वेळी त्या पाण्यात पडायचा. नवरा चारचौघांत म्हणाला, "अगं, सोड आता. भजनी मंडळ लाव. तिथं पाण्यात काही पडत नाही."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या, "मावशी, हात संपला माझा. रविवारी शेवटचं खेळते, मग काठ्या कोणाला तरी देऊन टाकते."

मला माझ्या पातेल्याची शंका आली. दुपारी मी एक उकळलेला आणि एक न उकळलेला चेंडू दगडावर टाकला. उकळलेला उसळलाच नाही, मातीच्या ढेकळासारखा बसला. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पण बाई हाताला दोष देत होत्या आणि दोष माझ्या पातेल्याचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाठलं.

"बाई, तुमचा हात चांगला हाये. चेंडू म्या उकळून खराब केले."

"उकळले? काहून वं मावशी? बटाटे होते का ते?"

"पांढरे व्हावे म्हणून."

बाई हसत हसत बाकावर बसल्या. रागावतील म्हणून मी तयारीने गेले होते, ती तयारी वाया गेली. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. "चला, परीक्षा घेऊ. पण नावं दिसली की मी महागडाच उचलीन. नावं झाका."

मी न उकळलेले चेंडू दगडावर टाकून तीन ढीग केले: टणक, मधले, नरम. नावांवर काळी शाई फासली. बाईंनी प्रत्येकातले पाच मारले. जिथं चेंडू थांबेल तिथं मी काडी रोवत गेले. टणक खालून गेले आणि इकडेतिकडे पांगले. मधले बरे. नरम उंच गेले, दहा पावलं पुढे पडले, आणि मनगटही दुखलं नाही.

बाईंनी नखाने शाई खरवडून नाव वाचलं. "हा? याला तर आमचे साहेब बायकांचा चेंडू म्हणतात."

"मग तुमी कोन आहा?" मी म्हटलं.

रविवारी त्यांनी नरम चेंडू लावला. तो नाल्यावरून गेला आणि पलीकडे उंच गवतात पडला.

"लागला एकदाचा," नवरा म्हणाला.

"मोजत राहा," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या हरल्याच. पण काठ्या कोणाला दिल्या नाहीत, अजून खेळतात. उकळलेले चेंडू मी कचऱ्यात टाकले. उकळण्याची ती गोष्ट बाईंनी नवऱ्यालाही सांगितली नाही. परीक्षेची मात्र सगळ्यांना सांगितली, आणि नव्या माणसाला त्या माझ्याकडे पाठवायला लागल्या, "आधी मावशीला हात दाखवा, मग चेंडू घ्या."

त्याआधी मला तिथं कोणी काही विचारत नसे. बाईंचे हे उपकार मी मानते. पुढे एका मोठ्या साहेबाला मी तोंडावर सांगितलं, तुमचा हात बाईंपेक्षा मंद आहे, नरम घ्या. तो फणकारून गेला. दोन दिवसांनी आला आणि कोणी बघत नाही असं पाहून नरम चेंडू मागू लागला. मी सहा दिले.