आबांचा आवाज

रेहाना मॅडम कोसळल्या तेव्हा आम्ही पुतळ्याला वाचवत होतो.

ही गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. म्हणून मीही सांगतो.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

आमची एक संस्था आहे. डॉक्टर, नर्स यांनी खऱ्या माणसाला हात लावण्याआधी पुतळ्यावर सराव करावा, चुका तिथेच करून घ्याव्यात, यासाठी ती काम करते. सिम्युलेशन म्हणतात. लोणावळ्याला केंद्र आहे. रेहाना मुलाणी तिथे नर्सिंगच्या ट्यूटर होत्या.

सरावासाठीचे प्रसंग मी लिहितो. मराठीत एम.ए. केल्याचा एवढा उपयोग झाला.

पुतळ्याचं नाव आबा.

काळ्या काचेमागे मॅडम बसायच्या. मॉनिटरवरचे आकडे आणि पुतळ्याच्या नाडीचे ठोके त्याच बदलायच्या आणि माइकवर आबाही त्याच व्हायच्या. आवाज पुतळ्याच्या गळ्यातल्या स्पीकरमधून यायचा.

"पोरी, छातीत लय दुकतंय. आन् तू हसतीस व्हय?"

"बीपी बघते, आबा."

"बघ की. पर आदी माजं नाव तरी इचार."

हा आवाज त्यांनी वडगावच्या एका शेजाऱ्याकडून उचलला होता. त्याला कधी सांगितलं नाही.

एकाच गोष्टीवरून आमचं पटलं नाही. मी एक प्रसंग लिहिला होता. त्यात मुली सगळं बरोबर करतात आणि तरी आबा मरतात.

मॅडमनी तो वाचून परत दिला.

"सर, पहिल्या वर्षाच्या मुलींसमोर आबा मरणार नाहीत."

"खऱ्यात मरतात की."

"मरतातच. त्यासाठी आपण कशाला हवे?"

त्यांची पद्धत ठरलेली. चुकलं की "खेळ बंद" म्हणायचं. सगळ्यांनी हात काढून घ्यायचे, बोलायचं, पुन्हा सुरू. खरंच कुणाला काही झालं, तरी हेच दोन शब्द. ते कुणीही म्हणावेत.

त्या दिवशी आबा बोलता बोलता गप्प झाले.

माझ्या प्रसंगात हे नव्हतं. मला वाटलं, मॅडमनी बदल केला. मुलींना वाटलं, आबा गेले. एकीने छाती दाबायला सुरुवात केली, दुसरी मोजू लागली. कोपर न वाकवता, एका लयीत. उत्तम चाललं होतं.

कामशेतची कोमल आबांच्या मानेला बोटं लावून उभी होती.

"अगं थांब. ठोके लागतायत."

तिने मॉनिटर बघितला. तोही ठीक.

"मग आबा बोलत का न्हाईत?"



तिने काचेकडे बघितलं. काचेत आम्हीच दिसत होतो.

"खेळ बंद," ती म्हणाली आणि दाराकडे धावली.

मॅडम खुर्चीशेजारी पडल्या होत्या. माइक चालूच होता. त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला आबांच्या गळ्यातून ऐकू आलं. कोमलचं मोजणं. शॉकच्या मशीनच्या सूचना. बऱ्याच वेळाने एक खोकला.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा मॅडमनी कोमलला कॉटवर बसवून घेतलं. प्रत्येक सरावानंतर विचारायच्या तेच विचारलं.

"आधी तू सांग. काय चांगलं झालं?"

कोमल रडायलाच लागली.

"बरं, मी सांगते. माझी बरगडी मोडलीस. म्हणजे खोल दाबलंस."

त्यानंतर मॅडमना आणखी एक हिवाळा मिळाला. त्यात त्यांनी धाकट्या मुलीचं लग्न केलं. पुन्हा माइकवर बसल्या. आबांना आता खराच दम लागायचा. मुली म्हणायच्या, मॅडम काय ॲक्टिंग करतात.

मग एका पहाटे, घरी, झोपेत गेल्या.

आता काचेमागे कोमल बसते. तिचा आवाज कोवळा आहे. आबा एकदम तरुण झालेत.

मागच्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचा तो प्रसंग आता घेता येईल."

मी तो कोमलला दिला. तिने उभ्या उभ्या वाचला. घडी घालून परत दिला.

"न्हाई सर. आबा मरायचे न्हाईत."

मी आग्रह केला नाही.

मॅडम, आबा बरे आहेत.

तुम्हाला सलाम.