चौथा मुद्दा

"पुरावा?" बाई एवढंच विचारत. चष्मा कपाळावर चढवून तळहात पुढे करत, तिकीट तपासनिसासारखा. बाहेर पाऊस पडतोय म्हणालात तरी तो हात पुढे यायचा.

जपानात, ग्योतोकुत माझं भारतीय किराण्याचं दुकान आहे. जवळच अमेरिकन अभ्यासक्रमाची एक छोटी शाळा होती. तिथे बाई अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. मूळच्या साताऱ्याच्या, नवरा त्सुकुबाला संशोधक. अमेरिका त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. त्यावरून मी टोमणा मारला, तर म्हणाल्या, "तिथल्यांनी तरी हे कागद कुठे पाहिलेत?" दोनशे वर्षांपूर्वीची पत्रं, अर्ज, कोर्टाचे कागद त्या इंटरनेटवरून फुकट उतरवून घेत आणि मुलांना ती जुनी अक्षरं लावायला बसवत. पुस्तक सगळ्यात शेवटी.

माझी सई त्यांच्या वर्गात होती. २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा शिकवायला घेतला. त्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. शिक्षकांसाठीच्या एका वेबसाइटवरून त्यांनी गृहपाठ उचलला: तुमच्यावर सत्ता चालवणाऱ्या कुणाविरुद्ध अशीच यादी लिहा, प्रत्येक तक्रारीला पुरावा जोडा. कुणी इमारतीच्या व्यवस्थापकाला धरलं, कुणी पोहण्याच्या शिक्षकाला. सईने मला धरलं.

यादी वर्गाच्या वेबपेजवर लागली. सात मुद्दे. दुसरा: बाबा जपानी दुकानांतही भाव करतात, मला लाज वाटते. सोबत तारीख आणि पावती. पाचवा: ओरडून झालं की 'मी ओरडलोच नाही' म्हणतात. सोबत आईची सही. यावर मी हसलोही असतो. पण चौथा होता: भूकंपाच्या दिवशी बाबा आधी दुकानात गेले.

शनिवारच्या पालकसभेत सगळ्या याद्या पडद्यावर दाखवणार होते. निम्मे पालक माझी गिऱ्हाइकं. मी तडक शाळेत गेलो. सातातले चार काढा, तीन ठेवा म्हणालो. मग दोन काढा म्हणालो. शेवटी एकावर आलो, फक्त चौथा.

"यादी तिची आहे, सईचे बाबा. मी कशी काढू? तुम्ही उत्तर लिहा. राजालाही उत्तर देता येतं. पुरावा लागेल एवढंच."

"आणि तिच्याकडे काय पुरावा आहे?" माझा आवाज बाहेर गेला असणार, कारण मधल्या सुट्टीतली मुलं दाराशी येऊन डोकावू लागली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साक्षीदार मीच आहे. भूकंप दुपारी पावणेतीनला झाला, तुम्ही संध्याकाळी सव्वासातला आलात. तोवर तिने माझा हात सोडला नव्हता. म्हणून या मुद्द्याचे गुण मी देत नाहीये, दुसऱ्या शिक्षिकेकडे तपासायला दिलाय."

मी पहिलं उत्तर लिहिलं की भूकंपाने जमिनीतला चिखल रस्त्यांवर वर आला होता. ते परत आलं, सोबत दुकान ते शाळा या रस्त्याचा त्याच संध्याकाळचा फोटो, कोरडा ठणठणीत. मग लिहिलं, फोन लागत नव्हता. तेही परत. चालत सहा मिनिटांवर फोन कशाला, असं बाईंनी खाली लिहिलं होतं. शुक्रवारी मी चिडूनच लिहिलं: 'शाळा पक्की होती, ती पडणार नाही असं वाटलं. दुकान मी एकट्याने उभं केलं होतं. बरण्या फुटल्या होत्या, त्या उचलत बसलो. पुरावा नाही.'

हे त्यांनी शब्दही न बदलता लावलं.

शनिवारी कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या सईने वळून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. घरी येताना ती जपानीत एवढंच म्हणाली, "वाकात्ता." कळलं.

पुढच्या वसंतात नवऱ्याची त्सुकुबातली मुदत संपली आणि बाई साताऱ्याला परत गेल्या. सगळे म्हणतात, बाईंनी तुमच्या मुलीचं भलं केलं. केलं असेल. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या भूकंपाच्या संध्याकाळी फाटकात त्यांनी सईचा हात माझ्या हातात दिला, "आता शांत झालीय" म्हणाल्या आणि आत वळल्या. तेव्हाच चार लोकांत झापलं असतं, तर मीही दुप्पट ओरडलो असतो आणि तिथल्या तिथे विषय मिटला असता.

आता भांडायचं कुणाशी?