बायपासचं चाक

कारखान्यांमुळं शिक्रापूरच्या आसपास खोल्यांवर खोल्या उठत होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. एका नव्या वसाहतीच्या सांडपाणी केंद्रावर मला पाणी तपासायची नोकरी लागली. लग्न नुकतंच झालं होतं. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती, बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलेली पहिली बाई मी.

वसाहतीतल्या संडास-मोऱ्यांचं पाणी आमच्या टाकीत यायचं. ब्लोअर तळातून हवा सोडायचा, त्या हवेवर जिवाणू जगायचे आणि घाण खायचे. गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी ओढ्यात. ओढा वेळ नदीला मिळायचा, नदी पुढं भीमेला. टाकीच्या अलीकडं एक बायपासचा व्हॉल्व्ह होता, दुरुस्तीपुरता. तो उघडला की घाण पाणी टाकीत न येता थेट ओढ्यात.

ब्लोअर बिघडला तेव्हा सुपरवायझरनं बायपास उघडला. इलाजच नव्हता. पण ब्लोअर दुरुस्त होऊन आला तरी बायपास उघडाच. वीज वाचत होती, कटकट वाचत होती. मी रोज 'बंद करा' म्हणायचे, तो रोज हसायचा.

एके दिवशी खालच्या बाजूला मेंढरं राखणारे एक आप्पा फाटकाशी आले. "पोरी, मेंढरं पाण्याला तोंड लावंनात. काय सोडलंय तुमी?"

"संडासाचं पाणी हाय, आप्पा. जसंच्या तसं. मेंढरं वरच्या अंगाला न्या."

आप्पा गेले. सुपरवायझर मागंच उभा होता. "बाहेरच्या माणसाला हे सांगायची काय गरज होती, मॅडम?"

"व्हॉल्व्ह बंद करा. मग सांगायची गरजच पडणार नाही."

"ओढाच तर आहे. पाऊस पडला की धुऊन जातं सगळं."

"कुठं धुऊन जातं? खालच्या गावात ना?"

तो निघून गेला. मी तशीच बायपासकडं गेले, व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, पान्यानं नट सोडला आणि तो ज्यानं फिरवायचा ते वरचं लोखंडी चाकच काढून घेतलं. भलतंच जड. डबा हातात घेतला, पिशवीत चाक घातलं आणि एसटीनं घरी आणलं. सासूबाईंनी पाहिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पलंगाखाली सारा. आन् कुणी आलं तर मी बोलंन."

सकाळी केंद्रावर आरडाओरडा चालला होता. आता सगळं पाणी टाकीत येत होतं. ब्लोअर लावला नाही तर साऱ्या वसाहतीला नाक धरावं लागणार होतं. सुपरवायझरनं केंद्रावरच्या फिटरमामांना पान्यानं बायपास उघडायला सांगितलं. मामांनी एकदा व्हॉल्व्हकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, सायेब," म्हणाले आणि बिडी शिलगावून बसले.

"तुमच्यावर चोरीची केस करतो!" सुपरवायझर माझ्यावर ओरडला.

"करा. पोलीस आले की चाक कुठं आहे ते मीच सांगते. का काढलं तेही सांगते."

पोलीस आले नाहीत. केंद्र चालवणारा ठेकेदार मात्र घरी आला. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. "चाक हाय घरात," त्या म्हणाल्या, "पर आदी तुमचं यंत्र चालू करा." तो चहा न घेताच गेला.

त्याच संध्याकाळी ब्लोअर सुरू झाला. आतले जिवाणू कधीच मेले होते, म्हणून दुसऱ्या केंद्रातून टँकर भरून जिवंत गाळ आणावा लागला. पाणी लगेच सुधारलं नाही. आधी काळं, मग राखाडी, मग भांड्यात धरलं तर तळ दिसेल इतकं. मेंढरं ओढ्यावर प्यायला लागल्याचं आप्पांनीच येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी चाक नेऊन दिलं. व्हॉल्व्हला साखळी घालून कुलूप लावायला लावलं, किल्ली वसाहतीच्या कमिटीकडं.

केंद्राचा ठेका नव्यानं निघाला तेव्हा ठेकेदारानं मला बोलावलं. सगळ्यांसमोर माफी मागितली तर नोकरी राहील म्हणाला.

"कशाची माफी?"

"चाक नेल्याची."

"पुन्हा बायपास उघडा. पुन्हा नेईन."

नोकरी गेली. पुढं वरवंडजवळ एका दूध संकलन केंद्रावर मी दूध तपासायला लागले. पहिल्याच दिवशी तिथल्या मालकानं विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?" मी सगळं खरं सांगितलं, काही गाळलं नाही. तो थोडा घाबरला असावा. तरीही ठेवून घेतलं.