केझिया बसत का नव्हती

मी मक्याची लापशी ढवळत होते आणि माझ्या सासूबाई, केझिया, चुलीशी बसून गुडघे शेकत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. आम्हा क्वेकर पंथाच्या लोकांच्या वस्तीत शेजारी कडी काढून सरळ आत येतात. दार वाजवतात ते सभेचे वडीलधारे, आणि तेही एखाद्याचं नाव सभेच्या यादीतून काढून टाकायचं असलं की.

माह्लोन आणि हल्डा आत येऊन बसले. रिवाजाप्रमाणे आधी बराच वेळ सगळे गप्प. लापशी खाली लागली तरी मला उठायचा धीर होईना.

भांडण होतं सासूबाईंच्या उभं राहण्याचं. आमच्या प्रार्थनेत सगळे मुकाट बसतात; ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तोच उठतो. बाकांवर नव्या गाद्या आल्या आणि तेव्हापासून चार महिने सासूबाई पूर्ण दोन तास उभ्या राहत होत्या. त्या उठल्या की सभा कान टवकारायची, आणि या शेवटपर्यंत अवाक्षर काढायच्या नाहीत. केझिया सभेला वेठीस धरते, असं लोक उघड बोलू लागले होते.

त्याआधी वर्षभर त्या दर सभेत गुलामांच्या हातच्या साखरेवर बोलल्या होत्या. शेवटी वडीलधाऱ्यांनी बजावलं, विचारल्याशिवाय गुलामांच्या हातच्या मालाचा विषय काढायचा नाही. त्यांनी शब्द दिला. उभं राहण्याचं कारण मी विचारलं, तर म्हणाल्या, शब्द सभेला दिलाय, विचारायचं तर सभेनं.

नाव गेलं असतं तर मेल्यावर सभेच्या आवारात जागा नाही. सासरे तिथेच पुरलेले आहेत, वर दगडसुद्धा नाही. कुठल्या गवताखाली, ते फक्त सासूबाईंना ठाऊक.

अखेर माह्लोननं घसा साफ केला. "केझिया, तू उभी का राहतेस?"

"सभेतर्फे विचारतोस?"

"सभेतर्फे."

"मग सांगते. त्या गाद्यांत गुलामांनी वेचलेला कापूस आहे. केंटकीतल्या मालकाकडून पळालेली एक गुलाम बाई नदी ओलांडून आली, तेव्हा तू बसलायस त्याच खुर्चीत बसली होती. बोंडांनी तिची बोटं नखांपाशी चिरली होती. पट्ट्या मीच बांधल्या. त्या कापसावर मला बसवत नाही रे."

माह्लोन खुर्चीत जरा चुळबुळला.

"म्हणजे तुला बोलायचं नव्हतंच?" हल्डानं विचारलं.

"बोलू नकोस असं तूच सांगितलंस ना?"

"अगं बाई, चार महिने तुझ्या तोंडाकडे बघून माझी मान आखडली. येऊन अडकलेल्या शिंकेसारखी दिसायचीस तू."

आधी हसल्या त्या सासूबाईच. माह्लोननं खिशातून घडी केलेला कागद काढला, क्षणभर पाहिला आणि चुलीत घालायला माझ्या हाती दिला. सभेपुढे ठेवण्यासारखं आता काही उरलं नाही, म्हणाला. कागद धडधडून पेटला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग लापशी वाढली. करपली होती, पण मेपलच्या साखरेबरोबर दोघांनी मुकाट खाल्ली.

जाताना माह्लोननं विचारलं, तुझं म्हणणं काय, सगळ्याच गाद्या काढायच्या का?

"इतरांचं इतरांनी मनाशी ठरवावं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या जागेवरची तेवढी काढ. गुडघे फार दुखतात."