मालकीण बदललेलं घर

अकोल्यातली ती घटना आठवली की आजही माझा जीव खालीवर होतो. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच घरांची खरेदी-विक्री करून देणारा एक मुस्लीम दलाल समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, आमच्या भागात एका रिटायर मास्तरीणबाईचं घर विकाले आहे. घर तेच, पण दार दुसरीच बाई उघडून राह्यली. गिऱ्हाईकाले सांगते, मीच मालकीण."

"तुम्हाला काम मिळालं नाही म्हणून आलात का?"

"नाहीच भेटलं साहेब, दुसऱ्या दलालाले भेटलं. पण बाईचा फोन बंद आहे. मले खटकून राह्यलं."

दलाल दलालाविरुद्ध बोलतो तेव्हा आम्ही पोलीस त्यातलं निम्मंच ऐकतो. पण बंद फोनची बातमी मला स्वस्थ बसू देईना. शेजाऱ्यांकडे चौकशी केली. बाई विधवा, एकट्याच राहणाऱ्या. त्या अमरावतीला मुलीकडे गेल्यात असं शेजारी म्हणाले. पण हे त्यांना सांगणाराही कोण, तर बाईंनी काम दिलेला दुसरा दलाल! घराची किल्ली त्याच्याकडेच होती. एकट्या बाईचं घर विक्रीला निघतं आणि बाई दिसेनाशी होते, अशा प्रकरणांचे शेवट मी पाहिले होते.

एका महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन मी साध्या वेशात, नवराबायकोचं सोंग करून, घर बघायला गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी हार घातलेला पतीचा फोटो. 'मालकीण' त्याकडे बघून डोळे पुसत होती. मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं.

"नळ कधी येतात इथे?" मी विचारलं.

"रोज सकाळी," ती बेधडक म्हणाली.

अकोल्यातली बाई हे स्वप्नातही म्हणणार नाही. आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो; नळाचा दिवस बघून लोक पाहुण्यांना बोलावतात. आम्ही तिला आणि घर दाखवायला आलेल्या त्या दुसऱ्या दलालाला ठाण्यात आणलं.

बाई परगावची निघाली. "मले फक्त रजिस्ट्रीले सही कराले आणलं," म्हणत ती रडू लागली. खरी मालकीण कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दलाल तर तोंडच उघडेना. शेवटी आमची कॉन्स्टेबल त्याला म्हणाली, "बाईचं काही बरंवाईट झालं असन तं हे फसवणुकीवर थांबणार नाही. खुनाचा गुन्हा लागन."

तेव्हा कुठे तो बोलला. "जित्ती आहे साहेब! पोरीकडेच आहे. दुसरे दलाल तरास देतीन म्हणून नंबर मीच बदलाले लावला."

त्याने दिलेला नवा नंबर मी लावला. पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू आलं. नाव विचारून खात्री केली आणि बाईंना जबाबाला बोलावलं.

जबाब द्यायला बाई आल्या तेव्हा विचारलं, "त्यालाच कसं निवडलंत?"

"त्यानं आल्या आल्या आमच्या ह्यांच्या फोटोले हात जोडले. मले मावशी म्हणला. हा पयला तं उंबऱ्यातच कागद मागत होता, वारस किती विचारत होता. मले रागच आला."

पहिला दलाल बाकावरच होता. "कागद पाह्यल्याबिगर घर कसं विकू, मावशी?" तो म्हणाला.

घर विकायला काढणारा माणूस आतून हललेला असतो. अशा वेळी मायेनं बोलणारा आपला वाटतो आणि कामाचं विचारणारा परका. या प्रकरणाने मला हे शिकवलं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो.

हल्ली मी माझं घर विक्रीला काढलं आहे. परवा एक दलाल आला. वाकून पाया पडला, माझ्या नोकरीच्या गोष्टी तासभर ऐकत बसला. मला फार बरं वाटलं. तो गेल्यावर लक्षात आलं, घराबद्दल त्याने एक शब्दही विचारला नव्हता. आणि किल्ली मी त्याला देऊन बसलो होतो.